मागावर सोडायची चार बोटं

त्या कापडाचं पहिलं जॅकेट घालून एक बाई माझ्या दुकानातून बाहेर पडल्या आणि पिंपळे सौदागरच्या चौकात सिग्नल हिरवा होऊनही एक गाडी हलली नाही. बस थांबली, पोलिसाची शिट्टी तोंडातच राहिली, आणि समोरच्या सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या एका गृहस्थाच्या हातातून ओला टॉवेल सुटला, तो थेट खालच्या डिलिव्हरीवाल्याच्या डोक्यावर. हे मी निदान शंभर गिऱ्हाइकांना सांगितलंय. सुरुवातीला मजला चौथा होता, सांगता सांगता बिल्डिंग वाढत गेली. पण त्या बाई दहा पावलांवरून परत आल्या आणि आरशासमोर पुन्हा उभ्या राहिल्या, हे मात्र घडलेलं आहे. त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. मधाच्या रंगाचा कोसा, म्हणजे रानरेशीम, आणि गळ्यापासून खाली उतरणारा लालभडक काठ. काठाच्या कडेला करवतीला असतात तसे दाते, एकासारखा एक. हाताने विणलेले.

त्याच्या आधी मी बॉयलर सूट शिवत होतो. निळे, राखाडी, कधीमधी भगवे. भोसरीपासून चाकणपर्यंत जेवढी माणसं मशीनपुढे उभी राहून घाम गाळत होती ती सगळी माझ्या शिलाईत गाळत होती, असं मी म्हणायचो. सगळी नसतील. दोन ठेकेदार मला काम द्यायचे. त्यातल्या एकाचा माणूस दर आठवड्याला चाकणहून गठ्ठे न्यायला यायचा. तिशीच्या आतला, भंडाऱ्याकडचा, तोंडात शब्द कमी. एकदा गठ्ठे बांधेपर्यंत दुपार झाली, म्हणून त्याने दुकानातच डबा सोडला. मी डब्याकडे नाही, डबा ज्यात बांधला होता त्या फडक्याकडे बघत राहिलो.

"भावा, हे काय आहे?"

"वांग्याची भाजी."

"फडकं रे, फडकं!"

"ते होय? बाबाची विणाई हाये. जुन्या साडीचा तुकडा. घरी असं लय पडलं हाये."

तेलाचे डाग, हळदीचा डाग, आणि त्याखाली असा कोसा की हातावर घेतला तर कापड धरलंय की दुसऱ्या कुणाचा तळहात धरलाय ते कळू नये. मी त्याला तिथल्या तिथे चार शिव्या दिल्या, डबा वर्तमानपत्रात बांधून दिला आणि फडकं ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी त्याच्या खोलीवर हजर.

चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे एका शेतकरीण बाईने पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधून काढली होती. सगळे भाडेकरू शिफ्टवाले. खोली रिकामी वाटली तरी आत कुणीतरी झोपलेलंच. शेवटच्या खोलीत हा, याची बायको आणि याचा बाप. बाप दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर गावचं घर बंद करून लेकाकडे आला होता. येताना कपड्यांची एक पिशवी आणली होती आणि टेम्पोत टाकून आख्खा हातमाग. लाकडं घरामागे ताडपत्रीखाली पडली होती. पण मागाचा एक भाग त्याने घरात, डोक्याशी, खुंटीला टांगला होता. लुगड्यात गुंडाळलेला, झोळीत मूल असावं तसा.

"हा माग चालू का नाही करत, बाबा?"

"खड्डा लागते जी. माणूस वर बसते, पाय खाली. इथं फरशी हाये. घरमालकीण फरशी फोडू देईन काय?"

मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. घरमालकीण उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी टेकलो आणि सांगितलं की, मावशी, या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर पुण्याच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरने इलाज सांगितलाय, की रोज सहा तास पाय जमिनीखाली ठेवायचे. भुईची ओल गुडघ्यातली आग ओढून घेते. परदेशात लोक यासाठी मुद्दाम खड्डे भाड्याने घेतात.

"व्हय का?" तिने लसूण थांबवली. "गुडघ्याला? आन गुण येतो?"

"येतो म्हणजे! एकजण तर पळायला लागला."

"मंग खंदा की. पर म्हातारबा न्हाई बसला का म्या बी बसंन सांजच्याला जरा."

आणि बसायचीही. पुढे महिनोन् महिने संध्याकाळी म्हातारा उठला की ती त्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, नि म्हणायची, टेलर खोटं नाही बोलला.

माग उभा राहिला. मग भांडणं सुरू झाली, कारण म्हाताऱ्याला साडी विणता येत होती आणि मला साडी नको होती.

"साडीले कात्री लावता काय जी?"

"साडी नाही, थान विणा. सलग. दोन्ही कडांना करवत ठेवा. मी त्याची जॅकेटं करीन, बिनबाह्यांचे कोट, पँटी."

"पँटी? करवतकाठीच्या?"

"हो."

"बाप्पा!" असं म्हणून तो मागावरून उठला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. अर्ध्या तासाने आत येऊन म्हणाला, "बायामाणसाच्या पँटी?" मी हो म्हटल्यावर पुन्हा बाहेर.

पण पहिलं जॅकेट मी त्याला नेऊन दाखवलं तेव्हा त्याने ते उलटं करून अस्तर पाहिलं, शिवण पाहिली, काठ जिथे खांद्यावर जुळवला होता तिथे नखाने टोकरून पाहिलं. दाता दात्याला लागला होता. तिथे मी तीन वेळा उसवून चौथ्यांदा शिवलं होतं, पण त्याला म्हटलं पहिल्या फटक्यात बसलं.

"खांद्यावर करवत ठेवली तुम्ही," तो म्हणाला, "माणूस दोन तुकडे होईन ना." आणि हसला. माझ्यासमोर तो पहिल्यांदा हसला. त्यानंतर त्याने मला मास्तर म्हणायला सुरुवात केली.

एक थान संपलं की नवीन ताणा चढवायचा. ताणा म्हणजे कापडातले उभे दोरे. ते त्याच्या गावाकडून बनून यायचे, पोत्यात. एका रविवारी मी गेलो तर म्हातारा मागाच्या मागच्या बाजूला मांडी घालून बसला होता आणि दोन बोटांत दोन दोरे धरून त्यांना पीळ देत होता. मग पुढचे दोन. मग पुढचे. थुंकी, राख, पीळ. अर्धा दिवस मी तिथे होतो, त्याचं वीतभर काम झालं.

"हे काय करून राह्यले?" मी त्याच्याच भाषेत विचारलं. त्याला ते आवडायचं नाही, तरी विचारायचो.

"जोडून राह्यलो. हे जुन्या ताण्याचं टोक, हे नव्याचं. सगळे जोडले का समोरून ओढायचं. मंग नवा दोरा जुन्याच्या मागं मागं वहीतून, फणीतून आपोआप पुढं येते. पोरगं मायचं बोट धरून येते, तसं."

वही म्हणजे सुती दोऱ्याच्या फाशांची चौकट. ताण्याचा प्रत्येक दोरा आपल्या फाशातून गेलेला असतो, मग फणीच्या दात्यांतून. म्हणजे हजारो दोरे, प्रत्येकाची जागा ठरलेली. लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगलेलं होतं ते हेच. दोऱ्यांसकट.

"हे पहिल्यांदा कोणी भरलं?"

"मायी बायको." त्याचे हात थांबले नाहीत. "हा पोरगा पोटात होता तवा. मी मागून एकेक दोरा द्यायचो, ती समोरून फाशातून ओढून घ्यायची. पोट आडवं यायचं, तर तिरपी बसायची. चार दिवस लागले. तवापासून मी ते मोकळं केलं नाही जी. नुसतं जोडत आलो. फासा झिजला तर तेवढा बदलला. फणीचा दाता वाकला तर सरळ केला. पण दोरा कधी बाहेर पडू देला नाही."

"आणि पडला तर?"

"तर काय. माग उभाच राहीन." त्याने पीळ दिलेला दोरा ओढून पाहिला. "तिचं काही राहणार नाही."

मी असं काही ऐकलं की मला झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं की हा माग सात पिढ्या अखंड चालू आहे, याच्यावर राजवाड्यातलं कापड विणलं गेलं, आणि विणकराच्या पणजीने तो भरताना उपास धरला होता. एका माणसाची बायको होती, पोट आडवं येत होतं म्हणून ती तिरपी बसली होती, हे मी कोणालाच सांगितलं नाही. ते विकायला छोटं वाटलं मला.

धंदा लागला. एका सोसायटीत एकीने घातलं की त्या सोसायटीची लिफ्ट माझी जाहिरात करायची. बॉयलर सूट बंद झाले. म्हातारा विणत होता आणि त्याची नजर अंधुक होत चालली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठाचे दाते तो आता बोटाने मोजायचा. लेक म्हणायचा ऑपरेशन करू, तो म्हणायचा हे थान होऊ द्या.

त्याच दिवसांत ती गिऱ्हाईक आली. आयटीतल्या मोठ्या हुद्द्यावरची, कामासाठी कायमची परदेशात निघालेली. तिला निघायच्या आधी एक लांब जॅकेट हवं होतं, आणि त्याला खाली झालर. विकतची नको, कापडाच्याच दोऱ्यांची, चांगली हातभर. चालताना पायांवर लाट आली पाहिजे, म्हणाली. ती घासाघीस करत होती, वेळ लावत होती, म्हणून मी खडू खाली ठेवला, आवाज उतरवला आणि म्हटलं, "ताई, विचार करायला हरकत नाही. पण या मागावरचं हे शेवटचं थान आहे. यानंतर हा माग कापड देणार नाही."

"खरंच?"

"त्या म्हाताऱ्याने शपथ घेतलीय."

तिने लगेच माप दिलं.

थान पूर्ण झालं त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तारीख मिळाली. नवा ताणा पोत्यात येऊन पडला होता. जुन्याला जोडायचा होता, तो डोळा चांगला झाल्यावर जोडणार होता. ऑपरेशनच्या दिवशी मी केळी घेऊन वॉर्डात गेलो. डोळ्यावर पट्टी, हातावर पट्टी, आणि बोलणं मात्र मागाचंच.

"मास्तर, तुमाले कापड घाईचं हाये ना? चावी पोराकडून घ्या अन् कापून न्या. फणीच्या अलीकडं कापा. विणलेलं चार बोटं मागावर सोडून. फणीच्या मागची एक गाठ उकलू नका."

"नाही हो."

"तिथी हात लावू नका."

"बाबा, मी वयाच्या बाराव्या वर्षापासून कात्री धरतोय. माझ्या कात्रीला डोळे आहेत."

"कात्रीले असतीन," तो म्हणाला. "चार बोटं."

मला ऐकू आलं होतं. कळलंही होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी लोकांना बऱ्याच प्रकारे सांगितलं.

लेक फर्स्ट शिफ्टला होता, सून माहेरी. भर दुपारी मी कुलूप उघडून आत गेलो. पत्रा तापला होता. मागावर ते थान ताणलेलं, आणि शेवटच्या विणीपासून पुढे नुसते दोरे, फणीत शिरणारे, वहीतून जाणारे, आणि मागच्या बाजूला हात दीड हात लांब निघून एका दांडीला जुड्याजुड्यांनी बांधलेले. वरच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ऊन त्या दोऱ्यांवर पडत होतं. तसली झालर मी आयुष्यात पाहिली नव्हती. कोणी केलेली नव्हती, आपोआप झालेली.

चार बोटं सोडून कापलं असतं तर मला झालरीला काहीच मिळत नव्हतं. म्हातारा म्हणाला तशी विणीतच कात्री घालायची, आणि झालर विकतच्या दोऱ्याची लावायची. तिने ओळखली असती.

मी बाहेर गेलो. नाक्यावर चहा प्यायलो. एक कटिंग, मग आणखी एक. मनाशी म्हटलं, दोरा तो दोरा. नवा ताणा आलेलाच आहे. डोळा चांगला झाला की म्हातारा चार दिवसांत पुन्हा भरेल, त्याला येतं. मी स्वतः मागे बसून दोरे देईन. मी स्वतःलाही इतकं छान सांगतो की मला पटतंच.

परत येऊन कात्री पिशवीतच ठेवली. मागच्या दांडीच्या गाठी एकेक करून नखाने, दाताने सोडल्या. गाठ सोडण्यात मला कोणी हरवणार नाही, आयुष्य उसवण्यात गेलंय. एकही दोरा तुटू दिला नाही. मग पुढे येऊन थान दोन्ही हातांत धरलं आणि हळूच ओढलं. सर्र असा आवाज झाला. ओढायला काही जोर लागला नाही. सगळे दोरे वहीतून, फणीतून निघून माझ्या मांडीवर आले, आणि वहीचे फासे मोकळे होऊन थोडा वेळ हलत राहिले.

जॅकेट असं झालं की मी तसं परत केलं नाही, करू शकणार नाही. ती विमानतळावर ते घालूनच गेली. तिथून तिने फोटो पाठवला, पायांवर लाट आलेली. मी तो दुकानात मोठा करून लावला. आठ दिवस लोक तो बघायला यायचे.

नवव्या दिवशी, दोन्ही डोळे होऊन म्हातारा दवाखान्यातून घरी आल्यावर, लेकाचा फोन आला. "मास्तर, बाबा बोलावते."

म्हातारा काळा गॉगल लावून मागाजवळ उभा होता. गॉगल त्याला मोठा होत होता. घरमालकीण दाराशी होती, लेक ड्यूटीच्या कपड्यांत. म्हाताऱ्याने गॉगल कपाळावर सारला. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच स्वच्छ पाहिले, करडे होते. त्याने बोटं वहीच्या फाशांत घातली, एकातून दुसऱ्यात, अशी शेवटपर्यंत नेली.

कोणी काही विचारायच्या आत मी सुरू झालो. "बाबा, मला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. मी कापड न्यायला आलो तेव्हाच बघितलं. घूस! हे अशी, मांजराएवढी. त्या पोत्यामागून पळाली. सगळं कुरतडलं होतं हो, मी जेवढं वाचेल तेवढं..."

"आगं बया," घरमालकीण म्हणाली, "घुशी तर हायेतच हितं."

म्हातारा ऐकून घेत होता. माझं झाल्यावर त्याने मागची दांडी उचलून माझ्यासमोर धरली. दांडीवर एकही कुरतडलेलं टोक नव्हतं. गुळगुळीत.

"घूस गाठी सोडून खाते काय जी?"

मी दांडीकडे बघत होतो.

"दातानं सोडल्या हायेत," तो म्हणाला, "पण माणसाच्या. एक दोरा तोडला नाही. अशा गाठी शिंपीच सोडते." त्यात थोडं कौतुक होतं. कामाचं कामाने केलेलं. ते मला शिवीपेक्षा वाईट लागलं.

लेक पुढे आला, माझ्या शर्टाला हात घातला. "मायच्या हातचं होतं ते! एवढंच होतं!" म्हाताऱ्याने त्याला नावाने हाक मारून थांबवलं आणि ड्यूटीवर पाठवून दिलं.

मग मी त्या परदेशातल्या बाईंना फोन केला. सगळं नाही, पण बरंचसं खरं सांगितलं. मला झालरीचे दोरे परत हवे होते, कापून का होईना. वहीत भरता नसते आले, तेवढं मलाही कळत होतं. पण म्हाताऱ्याच्या बायकोच्या दोऱ्यांमागे आलेले ते दोरे त्याच्या घरात असावेत, खुंटीला, लुगड्यात.

"काका," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात शेवटचं आहे. त्यांनी शपथ घेतलीय. मी इथे सगळ्यांना तेच सांगितलंय." आणि मग जरा थांबून, "तुम्ही आणखी कोणाला विकताय का ते?"

मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. मी तिला दोष देत नाही.

पुढचे पाच रविवार मी चाकणला गेलो. म्हाताऱ्याने बोलावलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी पोत्यातून नवा ताणा काढला, मागाच्या मागे मांडी घातली आणि एक दोरा त्याच्यापुढे धरला. तो खड्ड्यात पाय सोडून समोर बसला होता. बराच वेळ त्याने दोरा घेतला नाही. मग घेतला.

मी द्यायचो, तो फाशातून ओढायचा. पहिल्या दिवशी मी दोनदा दोन दोरे एकदम दिले, तर एकदा एक गाळलाच, आणि काठाकडे येईपर्यंत सगळं चुकलेलं निघालं. काढून टाकलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा. माझी बोटं जाड, वरून सुईने टोचून टोचून बोथट झालेली. मी एरवी दोन मिनिटं गप्प बसलो तर घरचे डॉक्टरकडे न्यायला निघतात. तिथे मी तास तास गप्प असायचो. त्यालाच ते सहन झालं नाही.

"बोला ना काही," तो एकदा म्हणाला.

"काय बोलू?"

"काही बी. तुम्ही सांगत राह्यता ना दुकानात. सात पिढ्याचं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. लेकाने सांगितलं असणार. मग मीच विचारलं, "त्या काय बोलायच्या? भरताना?"

तो फाशात दोरा धरून थांबला. आठवत होता. "शिव्या द्यायची," तो म्हणाला. "मी दोरा देऊन राह्यलो अन् झोप लागून राह्यली, तर शिव्या द्यायची. म्हणे, पोराले काय झोपाळू बाप भेटला." आणि दोरा ओढून घेतला.

पाचव्या रविवारी आमचं वीतभर जमलं. काठासकट, बरोबर. त्याने तेवढेच दोरे पुढे बांधले, धोट्यात आडवा दोरा घातला आणि विणून पाहिलं. डोळे आता चांगले होते, दाते त्याने बोटाने मोजले नाहीत. चार बोटं कापड झालं. मी वाकून पाहिलं, दाता दात्यासारखा, जुन्या थानासारखंच. मी म्हटलं, "बाबा, झालं की! जमलं!"

त्याने कापडावरून हात फिरवला. एकदा, दोनदा.

"जमलं," तो म्हणाला. "पण हे मीच भरलं ना जी."

"मग?"

"मंग काही नाही. बस करू."

मी म्हटलं पुढच्या रविवारी येतो. तो म्हणाला नका येऊ, पोराले सुट्टी हाये, माग खोलून घेतो. मी बरंच बोललो. शपथा घातल्या, हात जोडले, म्हटलं मी भंडाऱ्याहून भरणारी बाई आणतो, सगळं आणतो. तो ऐकत होता आणि धोट्यातला दोरा गुंडाळत होता.

पुढच्या रविवारी मी गेलोच. लाकडं खोलून भिंतीला टेकवली होती. सून परत आली होती, तिला दिवस गेले होते आणि तिने आधीच म्हटलं होतं की रांगतं मूल त्या खड्ड्यात पडेल. त्यात खोटं काही नव्हतं. घरमालकिणीने मुरमाच्या पाट्या दाराशी आणून ठेवल्या होत्या आणि वर टाकायला दोन नव्या फरशा. रंग जुळत नव्हता.

म्हातारा खड्ड्याच्या काठावर बसला होता, पाय आत. पुढे माग नव्हता, नुसती भिंत. तरी त्याचे पाय खाली हलत होते. एक खाली, एक वर, मग उलट. पायाने दाबायच्या पावड्या खोलून बाहेर काढल्या होत्या. पाय मातीवर दाबले जात होते.

"म्हातारबा," घरमालकीण पाटी उचलून उभी होती, "पाय काढा की वर. मुरूम टाकायचाय."

त्याला ऐकू आलं नाही बहुतेक. ती माझ्याकडे बघायला लागली. तिलाही पुढे यायचं नव्हतं.

मी गेलो आणि त्याच्यापुढे हात केला. मला वाटलं तो धरणार नाही. त्याने आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, त्या चांगल्या झालेल्या डोळ्यांनी, नखांकडे पाहिलं. मग एक पाय वर घेतला, दुसरा घेतला, आणि माझा हात धरून उठला. हात हलका होता. उभा राहिल्यावर त्याने तो सोडला, पायांची माती झटकली, आणि घरमालकिणीला म्हणाला, "टाका."